धूर कोणाच्या खातीं?

राष्ट्राच्या धुराविषयीं आजकाल जी चर्चा चालते तींत दोन पक्ष ठळकपणें दिसतात. एका पक्षाचें म्हणणें असें कीं, सूर्य, वारा व पाणी यांपासून वीज निर्माण होऊं लागली म्हणजे कोळशाचा उपद्रव आपोआप ओसरेल. मग उद्योगधंदा वाढो, उत्पन्न वाढो, घरोघर यंत्रें येवोत, त्यांत चिंतेचें कारण उरणार नाहीं. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, माणसाची हांव हेंच धुराचें मूळ आहे. ती आवरल्यावांचून सौर पट्ट्यांनीं सारी पृथ्वी झांकली तरी उपयोग नाहीं. पहिला पक्ष बाजाराचा आहे, दुसरा कीर्तनाचा आहे, आणि दोघांसहि श्रोत्यांची वाण नाहीं. आम्हांस मात्र दोन्ही पक्षांत एकच उणीव दिसते. दोघेहि 'मनुष्य' या सामान्यनामानें बोलतात. कोणत्या मनुष्यानें, कोणत्या घरांत, दिवसाच्या कोणत्या प्रहरीं, कशासाठीं वीज जाळली, हें विचारण्याची तसदी कोणी घेत नाहीं. प्रश्न नीतीचा असेल तर तो एवढ्या उंचीवरून सुटण्याजोगा नाहीं. म्हणून आम्ही तो खालीं आणून एका गांवाच्या वेशींत उभा करूं इच्छितों. तें गांव म्हणजे विरारच्या पश्चिमेस, आगाशीच्या वाटेवर वसलेलें बोळिंज.

बोळिंज, आगाशी, निर्मळ, अर्नाळा हा सारा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या उन्हाच्या मिळकतीवर जगत आला. राजेळी केळीं पिकवावयाचीं, सोलावयाचीं आणि कित्येक दिवस कडक उन्हांत वाळवून त्यांचीं सुकेळीं करावयाचीं, हा आगाशीकडचा जुना उद्योग; त्यास लागणारें इंधन म्हणजे केवळ निरभ्र आकाश. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळले ते याच उन्हानें, आणि वसई तालुक्याच्या मिठागरांत खाडीच्या पाण्याचें मीठ झालें तेंहि याच उन्हानें. वाडीस पाणी द्यावयाचें तें विहिरींतून किंवा बावखलांतून, रहाटास जनावर जुंपून. सौर ऊर्जा हा शब्द त्या काळीं कोणाच्या तोंडीं नव्हता. वस्तु मात्र घरोघर होती. येथवर वाचून एखादा भावुक वाचक म्हणेल कीं, काय निर्मळ जीवन होतें तें! आम्ही त्या उद्गारांत सामील होऊं शकत नाहीं. रहाटामागें जें पोर पहाटेपासून जनावर हांकीत राही, त्यास शाळेची घंटा ऐकूं येत नसे. अवकाळी पावसाची एक सर आली कीं वाळत घातलेल्या केळ्यांबरोबर महिन्याची कमाईहि भिजून जाई. आणि ज्या घरांतून धूर निघत नव्हता असें आपण समजतों, त्याच घरांत चुलीपाशीं बसलेल्या बाईचे डोळे धुरानें चुरचुरत. तो धूर राष्ट्राच्या हिशेबांत धरण्याची चाल नव्हती, इतकेंच. अपरिग्रह हें व्रत आहे. अभाव हें व्रत नव्हे. घेऊं शकत असतां जो घेत नाहीं त्याचें पुण्य निराळें. ज्यास घेण्याजोगें कांहीं मिळालेंच नाहीं त्याच्या रिकाम्या हातांस पुण्यवान् म्हणणें ही भरल्या पोटाची चतुराई होय.

विजेची गाडी विरारपर्यंत आली ती 1936 सालीं. तथापि वाड्या मागें हटून इमारती पुढें सरकूं लागल्या त्या विशेषेंकरून गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत; वसईचा हिरवा पट्टा राखण्यासाठीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो प्रभृतींनीं हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारें जी चळवळ केली ती याच काळांतली. पुढें 2009 सालीं वसई-विरार महानगरपालिका झाली, 2014 सालीं पालघर जिल्हा ठाण्यापासून निराळा निघाला, आणि बोळिंजच्या शिवारांत म्हाडाच्या कोंकण मंडळानें हजारों घरांची वसाहत उभी केली. आज येथील नोकरदार सकाळीं विरारची गाडी धरतो, चर्चगेटपर्यंतचे सुमारें 60 किलोमीटर बहुधा उभ्यानेंच कापतो, आणि दिवेलागण होऊन गेल्यावर घरीं परततो. कार्बन डायऑक्साइड, ज्यास आम्ही यापुढें सोयीसाठीं कर्बवायु म्हणूं, त्याच्या दृष्टीनें पाहिलें तर याहून काटकसरीचा प्रवास जगांत क्वचित् सांपडेल. गाडी विजेची, आणि एका माणसाच्या जागेंत तीन माणसें! पण ही काटकसर त्यानें निवडलेली नाहीं. ती त्याच्यावर कोसळलेली आहे. तिच्याबद्दल त्याची पाठ थोपटणें आम्हांस अशिष्टपणाचें वाटतें.

राष्ट्राच्या कर्बवायूचें गणित मांडण्याची एक सोपी रीत योइची काया या जपानी अभ्यासकाच्या नांवानें प्रसिद्ध आहे. लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, रुपयाभर उत्पन्नामागें लागणारी ऊर्जा, आणि ऊर्जेच्या दर मापामागें निघणारा कर्बवायु, या चार संख्यांचा गुणाकार केला कीं राष्ट्राचा एकूण आंकडा हातीं येतो. गणित पोरासहि समजण्याजोगें आहे. परंतु त्यांतच सारा वाद गुंडाळलेला आहे. आर्थिक व्यवहार वाढला कीं दुसरी संख्या फुगते. यंत्रें सुधारलीं कीं तिसरी आक्रसते. सूर्य व वारा यांपासून मिळणारी अक्षय ऊर्जा हात लावते तो केवळ चौथ्या संख्येस. ही चौथी संख्या दुसरीपेक्षां अधिक झपाट्यानें धांवली नाहीं तर गुणाकार चढतच राहणार. मग सौर पट्ट्यांचीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत कितीहि झळकोत.

दुसरी संख्या एकाएकीं खालीं ओढली तर काय होतें, याचा प्रयोग जगानें 2020 सालीं नाइलाजानें करून पाहिला. त्या वर्षीं जगाचें कर्बवायूचें उत्सर्जन सुमारें 5 टक्क्यांनीं उतरलें, भारताचेंहि उतरलें. विरारच्या लोकलगाड्या मार्चमध्यें बंद पडल्या आणि जूनमध्यें सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेंतील नोकरांपुरत्या. हवा स्वच्छ झाली, दूरचे डोंगर दिसूं लागले, म्हणून त्या दिवसांत पुष्कळांनीं समाधानाचे उद्गार काढले. ज्याची रोजी गाडीबरोबर थांबली होती त्यानें ते काढल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. आणि पुढल्याच वर्षीं जगाचा आंकडा जवळजवळ पूर्वपदावर आला. एवढ्या यातनांतून इतकीच घट, आणि तीहि टिकाऊ नव्हे! व्यवहार ठप्प करून धूर कमी करणें म्हणजे तापकऱ्यास उपाशी ठेवून बरा करण्यासारखें आहे. कधीं ताप उतरतो, कधीं रोगी.

तेव्हां पहिला पक्ष आपली मान उंच करून म्हणेल कीं, पहा, आम्ही सांगत होतों तेंच खरें. व्यवहार चालूं द्या आणि शक्ति तेवढी बदला. त्यांच्या हातीं एक आंकडाहि आहे. 2005 ते 2019 या काळांत भारतानें राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागील उत्सर्जन 33 टक्क्यांनीं कमी केलें. ही गोष्ट लहान नाहीं, आणि ती लपवून ठेवण्याचें आम्हांस कारण नाहीं. पण त्याच 14 वर्षांत देशाचें कर्बवायूचें एकूण उत्सर्जन दुपटीहून अधिक झालें, हेंहि तितकेंच खरें. दोन्ही विधानें एकाच वहींतलीं आहेत. एक भागाकाराचें, दुसरें बेरजेचें. सभांतून भागाकार वाचून दाखविला जातो. हवेस भागाकार कळत नाहीं.

अर्थात् दरडोई पाहिलें तर भारतीय मनुष्य वर्षास सुमारें 2 टन कर्बवायूचा धनी आहे; जगाची सरासरी 4 ते 5 टनांच्या मध्यें पडते, आणि अमेरिकन मनुष्याची 14 टनांच्या आसपास. म्हणून पश्चिमेकडचा कोणी उपदेशक आमच्या दारीं येऊन जपमाळ ओढूं लागला तर त्यास आधीं आपलें घर दाखविण्यास सांगावें, हें योग्यच. परंतु सरासरी ही मोठी सोयीची चादर आहे. तिच्याखालीं डहाणू तालुक्यांतील पाड्यावरचा आदिवासी आणि मलबार टेंकडीवरचा धनिक एकाच अंथरुणावर निजविले जातात, आणि दुसरा पहिल्याच्या गरिबीचें पांघरूण ओढून घेऊन जगास सांगतो कीं, पहा, आम्ही किती थोडें जाळतों!

आतां आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतों. भर पडणें आणि जागा घेणें या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. घरांत नवीन दिवा आला म्हणजे जुना विझतोच असें नाहीं; बहुधा दोन्ही जळतात व घर अधिक उजळतें. 2025 सालाच्या मध्यास देशांतील वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकीं निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायु यांवांचूनची झाली. 2030 सालासाठीं घातलेला संकेत पांच वर्षें आधींच गांठला गेला. त्या आनंदांत आम्हीहि सहभागी आहों. पण त्याच वर्षाच्या मार्चअखेर संपलेल्या 2024-25 या वर्षीं देशांतील कोळशाचें उत्पादन प्रथमच 100 कोटी टनांच्या पुढें गेलें. सूर्य वाढला, आणि कोळसाहि वाढला. कारण क्षमता निराळी व हातीं पडणारी वीज निराळी. 100 मेगावाटचें सौर केंद्र, रात्र, ढग व पावसाळा जमेस धरतां, वर्षाच्या सरासरीनें 20 मेगावाटच्या आसपासच पडतें. कोळशाचा संच रात्रंदिवस चालूं शकतो. म्हणून क्षमतेंत निम्मा वांटा गेला तरी प्रत्यक्ष विजेंत कोळशाचा वांटा 70 टक्क्यांहून अधिक राहिला. 2025 च्या पूर्वार्धांत कोळशापासूनची वीज किंचित् उतरली, हें आम्ही मुद्दाम नमूद करतों, कारण तें आशेचें चिन्ह आहे. मात्र त्या वर्षीं उन्हाळा सौम्य गेला होता आणि पाऊस मे महिन्यांतच आला होता, हेंहि विसरतां येत नाहीं.

हें सारें बोळिंजच्या इमारतींत कसें दिसतें तें पहावें. सूर्य भर दुपारीं देतो, आणि त्या वेळीं घरास कुलूप असतें. नवरा फोर्टांत, बायको अंधेरीस, मुलें शाळेंत. बिऱ्हाड खऱ्या अर्थानें सुरू होतें तें रात्रीं आठनंतर. तेव्हां दिवे लागतात, पंखे फिरतात, धुण्याचें यंत्र घरघरतें, आणि दिवसभर तापलेली सिमेंटची भिंत आपली उष्णता खोलींत सोडूं लागते. अशा घरांत, कर्जाचे हप्ते भागवून, एखाद्या वर्षीं वातानुकूल यंत्र येतें. रात्रभरांत त्यास सात-आठ युनिटें लागतात असें धरलें, तर देशांतील विजेच्या आजच्या मिश्रणानें पांच-सहा किलो कर्बवायु त्या एका रात्रीच्या नांवें पडतो. त्या नवऱ्यास वा बायकोस आम्ही काय म्हणावें? दोन तास गाडींत घुसमटून आलेल्या माणसास सहा तास शांत झोंप हवी असेल तर ती हौस कीं गरज? आम्हांस विचाराल तर ती गरज आहे. परंतु दिवसभर रिकाम्या पडणाऱ्या काचेच्या दिवाणखान्यासहि तोच गारवा लागतो, लग्नाच्या उघड्या मंडपासहि लागतो, आणि मागणीच्या आंकड्यांत हीं तिन्ही युनिटें सारखींच दिसतात. तारेंतून वाहतांना गरज व हौस यांचा रंग निराळा दिसत नाहीं. म्हणून तो निवडण्याचें काम वीज मोजणाऱ्या यंत्राकडून होणार नाहीं, तें माणसासच करावें लागेल.

'मग छपरावर पट्ट्या बसवा' असें कोणी सुचवील. गणित करून पाहूं. एक किलोवाटच्या पट्ट्यांस सुमारें 10 चौरस मीटर जागा लागते, आणि त्या वर्षाच्या सरासरीनें दिवसास चार युनिटें देतात. वीस मजल्यांची एक इमारत घ्यावी, दर मजल्यावर चार बिऱ्हाडें, गच्ची 400 चौरस मीटरांची. पाण्याच्या टाक्या, जिन्याची खोली व त्यांची सांवली वगळतां निम्मी गच्ची उरली, तर 20 किलोवाट बसतील आणि दिवसास 80 युनिटें मिळतील. बिऱ्हाडें ऐशीं. म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास रोजचें एक युनिट. तेवढ्यानें शीतकपाट कसेंबसें चालेल. व्यवहारांत तें युनिटहि बिऱ्हाडापर्यंत पोहोंचत नाहीं. तें उद्वाहनास, पाण्याच्या पंपास आणि जिन्यांतील दिव्यांस जातें. उलट जुन्या गांवठाणांतील एखाद्या कौलारू घराचें छप्पर 100 चौरस मीटरांचें असलें आणि त्याची दक्षिणेकडील अर्धी बाजू वापरली, तर दिवसास 20 युनिटें निघतील. खाणारीं माणसें सहा. केंद्र सरकारनें 2024 सालीं सूर्यघर योजना काढली तींत घरमालकास पहिल्या दोन किलोवाटांपर्यंत किलोवाटामागें 30,000 रुपये साहाय्य ठेवलें, आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांस सामाईक सोयींसाठीं किलोवाटामागें 18,000. भाडेकरूचा तर छपराशीं संबंधच नाहीं. सूर्य समदर्शी असेल. छप्पर समदर्शी नाहीं. ज्याच्या डोक्यावर स्वतःचें आढें, त्याच्याच घरीं सूर्याची ठेव. अक्षय ऊर्जेच्या गौरवांत ही गोष्ट सहसा येत नाहीं, म्हणून आम्हीं ती जरा पाल्हाळानें सांगितली.

शिवाय धूर म्हणजे केवळ वीज नव्हे. बोळिंजच्या वसाहतींतील हजारों घरें बांधून झाल्यावर कित्येक वर्षें ग्राहकांवांचून पडून राहिलीं. पाण्याची अडचण होती, किंमतीची होती, अंतराची होती. सूर्या प्रकल्पाचें पाणी वसई-विरारकडे येऊं लागल्यावर व सोडतीचे नियम सैल केल्यावर गिऱ्हाईक फिरकूं लागलें. (नदीचें नांवहि सूर्या असावें हा योगायोग गमतीचा खरा.) कोणावर ठपका ठेवण्यासाठीं आम्ही हें उदाहरण घेत नाहीं, सरकारी असो वा खासगी, ओसाड इमारती या महानगराच्या कडेकडेनें पुष्कळ आहेत. आमचा मुद्दा निराळा आहे. एक टन सिमेंट तयार होतांना सुमारें 0.6 टन कर्बवायु हवेंत जातो, आणि त्यांतला मोठा भाग भट्टीच्या इंधनाचा नसून खुद्द चुनखडींतून सुटतो; भट्टी उन्हावर तापविली तरी तो सुटणारच. म्हणजे ज्या घरांत वर्षानुवर्षें कोणी दिवा लावला नाहीं, कोणी मूल खेळलें नाहीं, त्या घराचा धूर मात्र बांधतांनाच निघून गेला. आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या खात्यांत तें बांधकाम जमेच्या बाजूस यथासांग मांडलेंहि गेलें. ज्या व्यवहारानें कोणाचीहि गरज भागली नाहीं तोहि 'वाढ' या एकाच नांवानें मिरवतो, हें अर्थशास्त्राचें अपंगत्व आम्हांस हांवेपेक्षांहि अधिक विचार करण्याजोगें वाटतें.

आतां हा धूर मांडावा कोणाच्या खातीं? पालघर जिल्ह्याच्या उत्तरेस डहाणूचें औष्णिक केंद्र आहे. 250 मेगावाटचे दोन संच, 1995-96 च्या सुमारास सुरू झालेले. कोळसा जळतो डहाणूस, वीज जाते मुंबईच्या उपनगरांस. बोळिंजला जी वीज येते ती राज्याच्या एकत्रित तारांतून. तींत मोठा वांटा चंद्रपूर, कोराडी, भुसावळ येथील कोळशाचा. चंद्रपूरचें 2,920 मेगावाटचें केंद्र राज्य-सरकारच्या केंद्रांत सर्वांत मोठें; तेथील राख व तेथील उन्हाळा तेथल्याच माणसांच्या वांट्यास. म्हणजे मुंबईनें आपली चिमणी डहाणूस लावली, आणि बोळिंजनें आपली चंद्रपुरास. जो तो आपला धूर पलीकडच्या आळींत सोडून देतो, व ती आळी बहुधा आपल्याहून गरिबांची असते. राष्ट्राराष्ट्रांत हेंच मोठ्या मापावर चालतें. ब्रिटनमध्यें 1882 सालीं लंडनला होबर्न येथें कोळशावर चालणारें पहिलें सार्वजनिक वीजकेंद्र निघालें, आणि 30 सप्टेंबर 2024 या दिवशीं रॅटक्लिफ येथील शेवटचें केंद्र बंद झालें. ही कामगिरी खरोखर स्तुत्य आहे. परंतु ब्रिटिश गृहस्थाच्या घरांतलें पोलाद, कपडा, खेळणीं ज्या देशांत होतात, त्यांचा धूर त्या त्या देशाच्या नांवें पडतो. त्याच्या वहींत तो उमटत नाहीं.

वाल्या कोळ्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतों. वाटमारीच्या पापांत वांटा घ्याल काय, असें त्यानें घरीं विचारलें. बायकोमुलांनीं सांगितलें कीं, आम्हांस पोसणें तुझें कर्तव्य, पाप तुझें तुला. कीर्तनकार येथें घरच्यांकडे बोट दाखवून हंसतात, आणि वाल्या एकटाच तपास बसतो. आमचे मनांत नेहमीं येतें कीं, त्या घरीं पुढें काय झालें? ज्यांनीं वांटा नाकारला त्यांनीं लुटीच्या धान्याची कणगी तरी परत केली काय? आजचा वीजग्राहक त्या घरासारखाच आहे. फरक एवढाच कीं त्याला कोणी येऊन विचारीतहि नाहीं. तो बिल भरतो व समजतो कीं, धुराचाहि हिशेब मिटला. बिलांत कोळशाची किंमत असते, वाहतुकीची असते, कर असतो. चंद्रपूरच्या खोकल्याचा रकाना त्यांत नसतो.

याचा अर्थ असा नव्हे कीं धूर नसला म्हणजे पाप नसतें. 1921 सालीं सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं मुळशीच्या मावळ्यांनीं सत्याग्रह केला तो धुरावांचूनच्या विजेविरुद्धच होता. पाण्यापासून वीज होणार होती, मुंबईच्या गिरण्यांचा कोळसा वांचणार होता. आजच्या भाषेंत ती उत्तम अक्षय ऊर्जा. पण बुडणार होतीं तीं मुळशी पेट्यांतील भातखाचरें. धरण झालें, वीज झाली, आणि खाचरें पाण्याखालीं गेलीं. आज माळरानावर शेंकडों एकर सौर पट्ट्या पसरतांना त्या माळावर शेळ्या चारणाराचें मत घेतलें जातें कीं नाहीं, हें ज्यास विचारावेंसें वाटत नाहीं, त्यानें मुळशीचा इतिहास एकदां अवश्य वाचावा.

मग सोडावयाचें कोणीं? आमचें उत्तर असें आहे कीं, ज्याची गरज प्रथमच भागत आहे त्याच्या विजेंत धूर असला तरी त्यास बोल लावूं नये. ज्याच्या गरजा भागून हौस दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा भागत आहे, त्यानें आधीं आपल्या धुराची जागा रिकामी करावी, म्हणजे येणाऱ्या उन्हास ती घेतां येईल. हा न्याय देशादेशांत लागू व्हावा, आणि एकाच देशांत मलबार टेंकडी व बोळिंज यांच्यांतहि व्हावा. बोळिंज व जव्हारचा पाडा यांच्यांतहि व्हावा, हें बोळिंजकरांस कदाचित् आवडणार नाहीं. 'जागा रिकामी करणें' म्हणजे नुसती मनाची तयारी नव्हे. अमुक संच अमुक तारखेस बंद, असें आगाऊ जाहीर करणें. ब्रिटनला साधलें तें याच रीतीनें. बंद करण्याचें वर्ष तेथें 2015 सालींच सांगून ठेवलें होतें. तारीख नसलेला त्याग हा पुढाऱ्यांच्या भाषणांत शोभतो.

यावर एक विद्वान् आक्षेप येतो तो असा कीं, घाई करूं नका. राष्ट्र श्रीमंत होऊं लागलें कीं धूर प्रथम चढतो, आणि उत्पन्न एका टप्प्यापलीकडे गेलें कीं लोक स्वतःच स्वच्छ हवा मागूं लागतात व धूर उतरतो. कांहीं प्रकारच्या धुराविषयीं हें बरेंचसें खरें आहे, आणि त्याचा दाखला याच जिल्ह्यांत मिळतो. डहाणूच्या केंद्रांतून निघणाऱ्या गंधकाच्या वायूविरुद्ध तेथील बागाईतदारांनीं व पर्यावरणवाद्यांनीं वर्षानुवर्षें झगडा चालविला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून 1996 सालीं डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलें गेलें. न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. चिमणींतील गंधक शोषून घेणारें यंत्र बसवावें असा आदेश प्राधिकरणानें 1999 सालीं दिला, आणि तें यंत्र 2007 सालीं चालूं झालें. आठ वर्षें लागलीं; पण झालें. कां झालें? गंधकाच्या वायूस फिर्यादी होते, आणि ते चिमणीच्या दृष्टिपथांत राहत होते. त्यांचे चिकूचे मळे तेथें होते, त्यांचीं फुफ्फुसें तेथें होतीं, आणि न्यायालयाचा रस्ता त्यांस ठाऊक होता. नुसत्या श्रीमंतीनें तें यंत्र बसलें नाहीं.

गंधक काढून घेतल्यावर त्याच चिमणींतून जो कर्बवायु पुढें जातो त्यास रंग नाहीं, वास नाहीं. चिकूच्या पानावर त्याचा डाग पडत नाहीं. तो जगभर सारखा पसरतो आणि पिढ्यान्‌पिढ्या हवेंत राहतो. ज्यांस त्याची झळ लागावयाची तीं माणसें दूरच्या किनाऱ्यांवर आहेत, किंवा अद्याप जन्मास आलेलीं नाहींत. त्यांच्या वतीनें अर्ज कोणीं लिहावा? डहाणूच्या दोन्ही संचांस आतां तीस वर्षें झालीं. ते कोणत्या वर्षीं थांबावयाचे हा प्रश्न डहाणूकर आपल्या परीनें विचारतीलच. पण तो आधीं ज्यांच्या घरीं ती वीज जाते त्या उपनगरांतील गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभेंत निघावा, आणि चंद्रपूरच्या जुन्या संचांविषयींचा प्रश्न बोळिंजच्या सभेंत निघावा, असें आम्हांस वाटतें. अशा सभांत गाड्या उभ्या करण्याची जागा आणि गळकी टाकी यांवर दोन-दोन तास खडाजंगी होते. त्यांतला अर्धा तास यास देणें अशक्य नाहीं.